तालमीत जॅक ब्रॉटनची गोष्ट कशी सांगावी

खडू आधी खिशात टाका. तो विसरलात तर त्या दिवशी दुसरी गोष्ट सांगा.

पोरांच्या जोरबैठका झाल्या, घाम पुसून झाला की मगच बसवायचं. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या तालमीत मी जन्मसालापासून कधी सुरुवात करत नाही, पोरं जांभया देतात. ब्रॉटन म्हणजे इंग्लंडचा जुना मुष्टियोद्धा, पण गोष्ट थेम्स नदीत उतारू नेणारा नावाडी, इथून सुरू करा. 1730 साली त्याने नावाड्यांची डॉगेट्स कोट अँड बॅज ही शर्यत मारली. त्यानंतर चार वर्षांनी बडोदं कायमचं गायकवाडांकडे आलं, एवढं सांगितलं की पोरांना काळ कळतो.

मग 1741. जॉर्ज स्टीव्हन्सन नावाच्या गाडीवानाशी लढत. इथे आवाज खाली आणा, कारण स्टीव्हन्सन त्या माराने पुढे दगावला असं सांगतात. पहिल्या वर्षी मी ही लढत हातवारे करून रंगवली. दुसऱ्या दिवशी दोघांनी मोकळ्या मुठींनी ती करून पाहिली, एकाचं नाक फुटलं आणि संध्याकाळी त्याची आई दारात. 'काका, हेच शिकवता का?' तेव्हापासून मी ठोसा एकही दाखवत नाही.

आता खडू. 16 ऑगस्ट 1743 ला ब्रॉटनने आपल्या आखाड्यासाठी सात नियम बांधले. फरशीवर एक यार्डाचा चौकोन आखा. पट्टी नसेल तर कोपरापासून मधल्या बोटापर्यंतचे दोन हात भरतात. समोरासमोरच्या कडांवर दोन पोरं उभी करा. एकाला पडायला सांगा. त्याच्या साथीदाराने त्याला अर्ध्या मिनिटात कडेला आणून उभं करायचं, नाहीतर हार. बाकीच्यांकडून तीस मोजून घ्या, आणि घाई करू देऊ नका. पडलेल्याला मारायचं नाही, कमरेखाली हात घालायचा नाही. इथे कुणीतरी विचारतोच, 'म्हणजे लंगोट धरायचा नाही?' नाही. पण कमरेच्या वर धरून आपटायला मुभा होती, हे सांगितलं की ब्रॉटन त्यांना आपला वाटायला लागतो. पंच दोन, लढणाऱ्यांनीच निवडलेले. त्यांचं जुळलं नाही तर तिसरा.

शिकाऊ श्रीमंतांची तोंडं सुजू नयेत म्हणून त्याने सरावाला गादीचे हातमोजे आणले, हे पटकन सांगून टाका. वज्रमुष्टीचा विषय निघेल, बडोद्याच्या खंडेराव महाराजांपुढे शिंगाची नखं बांधून लढणाऱ्यांचा. तो उद्यावर ढकला, नाहीतर ब्रॉटन राहील बाजूला.

1750 ची हार मात्र सावकाश. समोर जॅक स्लॅक, धंद्याने खाटीक. दोन डोळ्यांच्या मधोमध ठोसा बसला, डोळे सुजून मिटले, आणि चौदा मिनिटांत खेळ संपला. एका पोराला डोळे मिटून समोरच्याला शोधायला लावा. तो चाचपडत असतानाच सांगा, की ब्रॉटनचा आश्रयदाता ड्यूक ऑफ कंबरलंड त्याच्यावर पैज लावून तिथेच बसला होता.

तो 1789 ला वारला. वेस्टमिन्स्टर ॲबे या चर्चमधल्या थडग्याच्या शिळेवर त्याला आपलं चॅम्पियनपद लिहून हवं होतं. तिथल्या डीनने, म्हणजे मुख्य धर्मगुरूने, नाही म्हटलं आणि तेवढी जागा कोरी राहिली. ते शब्द कोरले गेले 1988 साली.

'पछी?', म्हणजे 'मग पुढे?', असं पोरं विचारतीलच. 'पछी काय, हातपाय धुवा' म्हणायचं. चौकोन लगेच पुसू नका, निघताना ती त्यात उभी राहून एकमेकांना तीस मोजतात.