मागच्या खोलीत वायफाय येत नाही? आधी कूलर पाहा

आमच्या घरी फायबरवाला आला तं त्यानं ओसरीत दाराजवळच राउटर लटकवला अन गेला, वायर तिथवरच पुरत होती म्हणे. ओसरीत रेंज फुल, मंग दोन फूट मातीची भिंत, मंग माजघरातलं लोखंडी कपाट, अन मागच्या खोलीत जिथं पोरगी अभ्यास करते तिथं नुसतं गोल गोल फिरत राह्यते.

मी शहाणपणा करून रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढं फेकणारा डबा, आणला अन थेट मागच्याच खोलीत लावला. अरे, जिथं सिग्नलच पोचत नाही तिथं तो पुढं काय देणार? रिपीटर अर्ध्या रस्त्यात लावा लागते, अन साध्या रिपीटरनं स्पीड जवळपास अर्धी होते, काहून की एकाच रेडिओवर घेणं बी अन देणं बी.

म्हणून पैसे घालायच्या आधी राउटर हलवा. घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर, टिन अन कपाटापासून दूर. फायबरची वायर मात्र मुडपू नका, आत काच असते.

अन कूलर! हिवाळ्यात आमचं नेट बरं चालायचं, एप्रिलात खिडकीत कूलर बसला की गायब. टिनाची बॉडी सिग्नल परतवते, टाकीतलं पाणी शोषते. राउटर अन खोलीच्या मधात तो येऊ देऊ नका.

दूरच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क पकडा, ५ वालं फास्ट आहे पण भिंतीपुढं हात टेकते.

तरी नाही जमलं तं पक्का इलाज केबल. कॅट ६ केबल, म्हणजे नेटची तांब्याची तार, १०० मीटरपर्यंत चालते. घरात जुना राउटर पडला असंल तं तो केबलच्या दुसऱ्या टोकाला मागच्या खोलीत लावा. मेन राउटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा नंबर, पाहा, तो १९२.१६८.१.१ असंल तं जुन्याला १९२.१६८.१.२ द्या, त्याचं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपला नंबर वाटायचं काम) बंद करा, वायफायचा नाव-पासवर्ड मेनसारखाच ठेवा अन केबल जुन्याच्या वॅन पोर्टात (बाहेरचं नेट घ्यायचं भोक) नाही, लॅन पोर्टात (घरातल्या मशिनी जोडायचं भोक) टोचा. इथंच माझा अख्खा रविवार गेला.

केबल अंगणातून गोठ्याकडं नेत असाल तं पाइपातून न्या, नाही तं उंदीर कुरतडतात. अन मृगात ढग गरजायला लागले की दोन्ही टोकं काढून ठेवा, विजेचा झटका तांब्याच्या तारेतून दोन्ही राउटर घेऊन जाते.