मांसाहार कमी करताना ताटात काय वाढावे

मांसाहार थांबवण्याचा अनुभव आपल्याकडच्या अनेक घरांना दरवर्षी श्रावणात येतो. मटणाचा रस्सा आणि तळलेले मासे महिनाभर बंद होतात, पण त्यांच्या जागी बरेचदा साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि पुऱ्या येतात. हे सारे शाकाहारीच असले, तरी त्यात पिष्ट आणि तेल भरपूर व प्रथिने फार थोडी असतात. मांस सोडल्याने प्रकृतीला लाभ होईल की नाही, हे मुख्यतः त्याच्या जागी काय आले यावर अवलंबून असते. अमेरिकेतील दोन लाखांहून अधिक आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आहाराचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अख्खी धान्ये, कडधान्ये, भाज्या आणि फळे यांवर भर देणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले, तर मैदा, साखर, गोड पेये आणि बटाटा यांवर भर देणाऱ्यांमध्ये ते वाढलेले आढळले.

कमी करायची सुरुवात सॉसेज, सलामी, बेकन यांसारख्या खारवलेल्या, धुरावलेल्या किंवा रसायने घालून टिकवलेल्या मांसापासून करावी. गोव्याचे चोरीसही याच गटात मोडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ मध्ये अशा मांसाला कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांत स्थान दिले आणि ते रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे नमूद केले. तंबाखूही त्याच गटात असल्यामुळे दोन्ही सारखेच घातक आहेत, असा समज पसरला. प्रत्यक्षात तो गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे नव्हे. मटण, बीफ, पोर्क या ताज्या लाल मांसाला त्या संस्थेने ‘बहुधा कारणीभूत’ या खालच्या गटात ठेवले, म्हणून ते रोज न खाता कधीतरी आणि बेताने खावे. मासे, अंडी आणि कोंबडी यांना मात्र त्याच पंक्तीला बसवू नये. बांगडा आणि तारली यांतील ओमेगा-३ स्निग्धाम्ले (शरीराला लागणारा चरबीचा एक प्रकार) शरीराला थेट वापरता येतात, तर जवसातील तशा घटकाचा थोडाच अंश शरीरात त्या रूपात बदलतो. तरीही मासे न खाणाऱ्यांनी जवसाची चटणी रोज जेवणात ठेवावी.

यापुढचे काम मोजण्याचे आहे आणि ते एकदा तरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून पाहावे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलो वजनाला सुमारे ५० ग्रॅम. चार माणसांच्या वरणासाठी १०० ग्रॅम तूरडाळ घेतली, तर तीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम साडेपाच ग्रॅम येतात. हाडाविना १०० ग्रॅम मटणात मात्र ती २० ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणूनच मटण गेले आणि पातळ वरण तेवढे राहिले, तर ताट भरलेले दिसूनही तूट राहते. ज्वारीच्या दोन मोठ्या भाकरी, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची मोड आणून केलेली घट्ट उसळ, ३० ग्रॅम बेसनाचे पिठले, मोठी वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे आणि वरणभात एवढे दिवसभरात पोटात गेले, तर बेरीज पन्नाशीपर्यंत पोहोचते. प्रथिने ज्या घटकांची बनतात, त्यांपैकी धान्यात कमी पडणारे लायसिन डाळीत असते आणि डाळीत कमी पडणारे मेथिओनिन धान्यात, त्यामुळे पिठले-भाकरीची जोडी खरोखर पूर्ण प्रथिने देते. शिवाय तिच्यात तंतू असतात, जे मांसात मुळीच नसतात.

प्रथिनांची सोय स्वयंपाकघरात होते, पण नसांना आणि रक्ताला लागणारे ब १२ जीवनसत्त्व धान्य-भाज्यांत जवळपास नसल्याने त्याची तशी होत नाही, आणि याच बाबतीत मला वाचकांची सर्वांत जास्त काळजी वाटते. माझ्या आईने साठीनंतर मासे, अंडी सोडली आणि दूधही चहापुरतेच ठेवले. काही वर्षांनी तिच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला आणि आम्ही सारे ते वयावर ढकलत राहिलो; रक्ततपासणी उशिरा झाली, तेव्हा ब १२ फारच कमी निघाले. यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्यामुळे ही कमतरता लगेच जाणवत नाही. पुण्यात मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांतील ६७ टक्के पुरुषांमध्ये हे जीवनसत्त्व कमी आढळले. ब १२ साठी इडलीचे आंबवलेले पीठ किंवा स्पिरुलिना (शेवाळासारख्या सूक्ष्म जीवाची पूड) यांवर विसंबू नये. दूध, दही किंवा अंडी नियमित खावीत; तीही वर्ज्य असतील, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावीच. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तपासणी टाळू नये, कारण त्या औषधानेही ब १२ घटते.

लोहाचे गणित सोपे आहे. मांसातील लोह शरीर सहज शोषते, वनस्पतींतील कमी शोषते. म्हणून शोषण वाढवण्यासाठी उसळीवर लिंबू पिळावे आणि ते अडवणारा चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा. गरोदर स्त्रियांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र आहारात कोणताही मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

कडधान्यांची सवय नसलेल्या पोटाला एकदम भार दिला, तर वायू धरतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यात दोनच दिवस मांस वगळावे आणि मग हळूहळू वाढवावे. रविवारचे मटण सोडवत नसेल, तर मराठवाड्यातला दालचा करावा: नेहमीच्या निम्मे मटण चरबी काढून घ्यावे, भिजवलेली हरभरा डाळ आणि दुधी भोपळ्याच्या फोडी त्यात शिजवाव्यात, वरून चिंचेचा कोळ घालावा आणि एक उकळी काढून भाकरीबरोबर वाढावे.