ॲस्परॅगसचे नर व मादी रोप कसे ओळखावे
ॲस्परॅगस या कोवळ्या कोंबांसाठी लावल्या जाणाऱ्या भाजीची नर व मादी फुले वेगवेगळ्या रोपांवर येतात. केवळ कोंबाच्या जाडीवरून अंदाज बांधणे फसवे असल्याने, कोंब वाढून पिसाऱ्यासारखा पसरेपर्यंत आणि त्यावर घंटेच्या आकाराची बारीक फुले लोंबू लागेपर्यंत थांबावे. एक फूल तळहातावर घेऊन भिंगातून पाहावे. नर फूल लांबट असून त्यात पिवळसर-नारिंगी परागकोशांचे (परागकणांच्या पिशव्यांचे) 6 पुंकेसर, म्हणजे नर तंतू, दिसतात, तर आखूड मादी फुलाच्या मध्यभागी तीन फाट्यांची कुक्षी (पराग टिपणारे टोक) असते. फुलोरा पाहायचा राहिलाच, तर पुढे हिरव्याची लाल होणारी वाटोळी फळे मादी रोप दाखवून देतात. ही फळे विषारी असल्याने मुलांना त्यांपासून दूरच ठेवावे. कोंब भरपूर हवे असतील, तर नर रोपे राखणे माझ्या मते अधिक चांगले.