आंब्यांची पेटी ‘इज’ की ‘आर’?

होमस्टेची माहिती, पेट्यांच्या ऑर्डरचा ईमेल, न्याहारीची पाटी. किनारपट्टीवर इंग्रजी लिहायची वेळ येते ती अशा ठिकाणी, आणि चूक बहुधा हीच होते : ‘द बॉक्स ऑफ मँगोज आर रेडी.’

मराठीत ‘आंब्यांची पेटी तयार आहे’ म्हणताना आंबे आधी, पेटी नंतर. इंग्रजीत उलटं : पेटी पुढे निघून जाते आणि क्रियापदाला खेटून आंबे बसतात. कान त्या शेजाऱ्याला भुलतो. म्हणून क्रियापदाआधीचे शब्द आधी मराठीत म्हणा. शेवटी येईल ते नाम कर्ता; तो एकवचनी असेल तर ‘इज’, अनेकवचनी असेल तर ‘आर’. आंब्यांची पेटी, म्हणून ‘इज’. पाहुण्यांची संख्या, म्हणून ‘द नंबर ऑफ गेस्ट्स इज’. बरेच पाहुणे, म्हणून ‘अ नंबर ऑफ गेस्ट्स आर’.

ही युक्ती आदरार्थी बहुवचनात दगा देते. बाबा होडी चालवतात, तरी ‘माय फादर रन्स द बोट’च. फर्निचर आणि लगेजचंही तसंच. आपण खुर्च्या नि बॅगा मोजतो, इंग्रजी मोजत नाही : ‘द लगेज इज’.

आता ग्रामर चेकर, म्हणजे व्याकरणाच्या चुकीखाली रेघ ओढणारी सोय. वर्डमध्ये ‘रिव्ह्यू’, मग ‘लँग्वेज’मध्ये जाऊन प्रूफिंगची भाषा इंग्लिश इंडिया किंवा यूके करा. अमेरिकन असेल तर ‘द स्टाफ आर’खाली रेघ येऊ शकते, ब्रिटिश वळणात ते चालतं. शंकेचं वाक्य दोनदा लिहा, एकदा ‘इज’, एकदा ‘आर’. एकाखालीच रेघ आली, तरी कर्ता स्वतः शोधून मगच बदला. दोन्हीही रेघेविना सुटली, तर चेकरची मदत संपली. ‘द फिश इज फ्रेश’ आणि ‘द फिश आर फ्रेश’ दोन्ही शुद्ध; ताटात एक सुरमई आहे की टोपलीभर बांगडे, हे त्याला कुठून दिसणार?

कर्ता आणि क्रियापद लांब पडले की चेकरही फसतो. ‘द हाऊस, अलाँग विथ टू कॉटेजेस, इज’ हे बरोबर आहे. ‘अँड’ने बेरीज होते, ‘अलाँग विथ’ने नाही. असं वाक्य तोडलेलं बरं.

अगदीच अडलं तर ‘विल बी’ किंवा ‘कॅन’ घाला, ती कर्त्याप्रमाणे बदलतच नाहीत. भूतकाळातही ‘वॉज’ आणि ‘वेअर’ एवढंच जपायचं. ‘केम’, ‘स्टेड’, ‘लेफ्ट’ सगळ्यांना सारखेच.