इयत्ता बाजूला ठेवून अभ्यासक्रमाची निवड

चौदा वर्षांची माझी मुलगी घरीच शिकते आणि बीजगणितात ती सतत अडखळत असे. नवा अभ्यासक्रम घेण्यापूर्वी पातळी तपासली, तेव्हा लक्षात आले की अडचण समीकरणांची नसून अपूर्णांकांची आहे, कारण २/३ आणि ३/४ यांची बेरीज ती ५/७ लिहीत होती. त्यामुळे सर्व विषयांचा एकाच इयत्तेचा संच न घेता गणित खालच्या पातळीवरून सुरू केले, भाषा मात्र वरच्या. गणिताच्या सरावाला खान अकॅडमीचे विनामूल्य धडे पुरले. ओपनस्टॅक्सची मोफत पाठ्यपुस्तके मुख्यतः महाविद्यालयीन स्तराची असल्याने जीवशास्त्राची निवडक प्रकरणेच घेतली. पुस्तक घेताना उत्तरसूचीत सोडवणुकीच्या पायऱ्या आहेत का, हे मी आधी पाहते. या वयात मुले स्वतःच तपासतात आणि नुसत्या उत्तरावरून चूक कुठे झाली ते कळत नाही.