बॉक्स उतरवायच्या आधी

आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करून जी पोरं गॅरेजात लागली आहेत, क्लच-ब्रेकवर ज्यांचा हात बसलाय आणि ज्यांना मालक आता "इलेक्ट्रिकपण बघतोस का रे?" असं विचारायला लागलाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. क्लच प्लेट कशी बदलायची, फ्यूज कसा तपासायचा, मीटर कसा धरायचा हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. मला जे येत नव्हतं आणि ज्यापायी एका भल्या माणसाचे चाळीस हजारांवर पैसे गेले, ते नीट सांगायचंय.

मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. पाण्यात गेलेल्या गाड्या धुऊन-पुसून, सीटा वाळवून परत रस्त्यावर आल्या. वायरींच्या आत शिरलेलं पाणी मात्र पुढची दोन-तीन वर्षं आपलं काम करत राहिलं. आमच्याकडची हवा अशी की एकदा तांब्याला हिरवं धरलं की ते वायरीच्या आतून चढतच जातं.

२०२३ च्या जुलैत अलोऱ्याचे एक निवृत्त शिक्षक गाडी घेऊन आले. गाडी २०१५ ची, क्लच पेडल नसलेली, एएमटी, म्हणजे गिअर आपोआप टाकणारी. आपल्याकडे छोट्या गाड्यांत हा प्रकार २०१४ पासून आला. आत गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेलाचा पंप, व्हॉल्व्ह आणि एक कंट्रोलर मिळून करतात. सरांची तक्रार अशी, की पावसात कुंभार्ली घाट चढताना गाडी एकदम न्यूट्रलला पडते. डॅशवर गिअरचा दिवा लागतो. गाडी बंद करून दोन मिनिटांनी चालू केली की काहीच झालं नाही अशी चालते. बोलताना सर शांत होते. काकू गाडीतून उतरल्याच नाहीत, पर्स घट्ट धरून बसून राहिल्या. घाटाच्या वळणावर मागे भरलेला ट्रक असताना गाडी सुटली होती.

मी विचारलं, "सर, गाडी पुरात होती का?" सर म्हणाले, "नाही रे बाळा, फक्त चाकं बुडाली होती." मी पुढच्या प्रश्नाला लागलो. चाकं बुडाली म्हणजे गिअरबॉक्स बुडाला, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

स्कॅनर लावला. तीन कोड, म्हणजे कंट्रोलरने करून ठेवलेल्या बिघाडाच्या नोंदी, निघाले. एक क्लच पोझिशनचा, एक पंपाच्या प्रेशरचा आणि तिसरा सिस्टिम व्होल्टेज कमी असल्याचा. पहिले दोन बघून माझं मन तयार झालं आणि तिसऱ्याकडे मी पाहिलंच नाही. मध्ये कधीतरी बॅटरी उतरली असेल, असं स्वतःला सांगितलं आणि कोड उडवले. कुठे लिहूनही ठेवले नाहीत. तरी वायरिंग तपासलं नाही असं नव्हतं. बॅटरी उभ्या गाडीवर १२.५ व्होल्ट, चालू गाडीवर १४.१. अर्थही, म्हणजे बॅटरीच्या मायनसची गाडीच्या धातूशी असलेली जोडणीही, बघितली. मीटर बीपवर, म्हणजे वाट जोडलेली असली की वाजतो त्या खुणेवर, ठेवला, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं बॉक्सच्या केसिंगला. टीं करून वाजला. जॉबकार्डावर मी स्वतःच्या हाताने "अर्थ ओके" लिहिलं.

मग पंप आणि क्लच-गिअर हलवणारा अ‍ॅक्च्युएटर बदलला. त्यासाठी बॅटरीचा ट्रे काढला, अर्थची वायर सोडली, सगळं परत बसवलं, स्कॅनरवर क्लचचं लर्निंग करून घेतलं, म्हणजे कंट्रोलरला क्लचची जागा नव्याने शिकवली. गाडी लोण्यासारखी चालली. सरांनी पैसे दिले, पेढेही दिले. नवव्या दिवशी पोफळीच्या पुढून त्यांचा फोन आला, गाडी परत न्यूट्रलला पडली होती.

माझी चूक झाली ती त्या बीपमध्ये. हे मी जरा पाल्हाळाने सांगणार आहे, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं आणि आजही दर दुसऱ्या गॅरेजात तसंच करतात.

बीपवर ठेवलेला मीटर वायरीतून जेमतेम एक-दोन मिलिअँपियर करंट सोडतो. तेवढ्याला एक तार जोडलेली असली तरी पुरते. बरेच मीटर तीस-चाळीस ओहमपर्यंत वाजत राहतात. पंपाची मोटर मात्र वीस अँपियरच्या घरात ओढते. वाटेत फक्त ०.१ ओहमचा अडथळा असला, तर ०.१ गुणिले २० म्हणजे दोन व्होल्ट त्या अडथळ्यातच संपतात. हा ०.१ ओहम तुम्ही ओहमच्या रेंजवर शोधायला जाल तर तोही सापडत नाही, कारण स्वस्त मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवली तरी तो ०.२-०.३ दाखवतो. साकवावरून एक पोर पळत गेलं म्हणून त्यावरून वरात नेता येत नाही. वरात चढवूनच बघायला लागतं.

मग बघायचं कसं? मीटर डीसी व्होल्टवर, २० च्या रेंजला. लाल टोक गिअरबॉक्सच्या उघड्या धातूला, काळं टोक बॅटरीच्या मायनस खांबाला. खांबावर आवळलेल्या क्लॅम्पला लावू नका, खुद्द शिशाच्या खांबाला लावा. आता लोड द्या. गाडी उभी असताना मीटर शून्यच दाखवणार आणि त्या शून्याला काडीचीही किंमत नाही. त्या गाडीला ड्रायव्हरचं दार उघडलं की पंप झूंऽ करून प्रेशर भरून घ्यायचा, म्हणून मी हेल्परला दार उघडायला सांगितलं. ०.१ च्या आत आलं तर अर्थ चांगला. ०.२ च्या वर गेलं तर संशय घ्या. स्टार्टर फिरताना ०.५ पर्यंत चालवून घेतात, कारण त्याचा करंटच दांडगा असतो. आमच्या मीटरवर आकडा आला २.१.

हे मला दाखवलं ते आमच्या समोरच्या टपरीतल्या म्हाताऱ्या वायरमनचाचांनी. मी डोकं धरून बसलो होतो. ते आले, जॉबकार्ड वाचलं आणि एवढंच विचारलं, "लोडवर बघितलास का?" मला तो शब्दच कळला नाही.

मग एकेक टप्पा. खांबापासून क्लॅम्पपर्यंत ०.०२. क्लॅम्पपासून वायरीपर्यंत काही नाही. वायरीपासून थिंबलपर्यंत, म्हणजे तिच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीपर्यंत, १.९. चोर सापडला. वरून वायर काळी, टवटवीत, नवीन वाटावी अशी. चाचांनी ब्लेडने थिंबलजवळचं आवरण उभं चिरलं आणि आतून हिरवी भुकटी त्यांच्या बोटावर पडली. नखाने खरवडल्यावर चार-पाच तारा तेवढ्या चमकल्या, बाकी सगळ्या कुजलेल्या. मी पंप बदलताना ती वायर सोडून परत आवळली, तेव्हा आतल्या तारा जरा हलल्या, एकमेकींना टेकल्या आणि आठ दिवस निभावलं. काम झाल्यावर गाडी बरी झाली म्हणजे आपण बदललेलाच पार्ट खराब होता, असं मी तेव्हापासून धरत नाही.

आणि घाटातच का? घाटात गिअर सारखे बदलतात, म्हणजे पंप सारखा चालतो. वर पाऊस, म्हणजे वायपर, हेडलाइट, पंखा सगळं एकदम चालू. पंपाला व्होल्टेज कमी पडलं, तो सावकाश फिरला, प्रेशर वेळेत भरलं नाही, क्लच वेळेत जागेवर आला नाही. कंट्रोलरने क्लच पोझिशनचा कोड टाकला आणि सुरक्षेसाठी न्यूट्रल केलं. कोड शब्दशः खरा होता. मी त्याचा अर्थ "पार्ट गेला" असा लावला.

तेवढ्याच जाडीची नवी वायर, नीट दाबलेलं थिंबल, बसायची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केलेली, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस. तीनशे रुपयांच्या आत काम झालं. ग्रीस आधी नाही, आवळल्यावर. पैसे परत द्यायला मी अलोऱ्याला गेलो. सरांनी निम्मेच घेतले. बाकीचे ठेव म्हणाले. ते निम्मे मला अजून टोचतात.

आता जरा कडक बोलतो. "पार्ट टाकून बघू" हे निदान नव्हे. ते गिऱ्हाइकाच्या खिशातून शिकणं आहे आणि तसं शिकलेलं टिकत नाही. कोड लिहून घेतल्याशिवाय, फोटो काढल्याशिवाय उडवू नका. पी ०७०० आला की "बॉक्स गेला" म्हणून मोकळे होणारे मी रोज बघतो. तो कोड फक्त एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे काहीतरी नोंद आहे, तिकडे जाऊन बघा. स्वस्त स्कॅनर तो कंट्रोलर उघडतच नाही. टेस्ट लाइट कंट्रोलरच्या वायरींवर लावू नका, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला तर हातही लावू नका. एएमटीचे पाइप सोडायच्या आधी प्रेशर उतरवा. चाळीस-पन्नास बार दाबाचं तेल चामडी फोडून आत जातं. आणि दहा अँपियरचा फ्यूज उडतोय म्हणून वीसचा टाकणारा माणूस तुमचा गुरू असेल तर गुरू बदला.

गुरूचं माझं मत पक्कं आहे. "हात बसला की कळेल" म्हणणाऱ्यांकडे मी पाच वर्षं काढली. हात बसला, कळलं काही नाही. जो मीटर तुमच्या हातात देऊन आकडा आधी तुम्हाला सांगायला लावतो, त्याच्याकडे चहा आणायचं काम मिळालं तरी राहा.

पण घाबरू नका. यात इंग्रजीची किंवा भारी मशिनींची गरज नाही. हजार रुपयांच्या आतबाहेरचा मीटर आणि हेडलाइटचा जुना बल्ब एवढ्यावर माझं निम्मं काम चालतं. ६० वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर पाच अँपियर ओढतो. संशय असलेल्या जाड वायरीच्या शेवटाला तो लावायचा. पेटला पण पिवळा, मिणमिणता पेटला, तर वायर कुठेतरी खाल्लेली आहे. वायरीभोवती धरून करंट मोजणारा क्लॅम्पमीटर घेणार असाल तर डीसी करंट मोजतो का ते दुकानातच विचारा. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात आणि गाडीवर शून्य दाखवत बसतात.

साध्या मॅन्युअल बॉक्सचं तुम्हाला बरंचसं माहीत असेल, म्हणून भरभर सांगतो. न्यूट्रलला घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. दाबल्यावर सुरू होते, तर रिलीज बेअरिंग. एकच गिअर खरखरतो, तर सिंक्रो, म्हणजे गिअर जुळवून घेणारी पितळी कडी. सगळेच जड जातात, तर आधी क्लच सुटतो का, केबल, लिंकेज, इंजिन माउंटिंग बघा. बॉक्स सगळ्यात शेवटी. तेल टाकताना मात्र घाई नको. जुन्या बॉक्सला जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल सांगितलं असेल तर "हे भारी आहे" म्हणून जीएल-५ ओतू नका, त्यातली काही रसायनं पितळी सिंक्रोला खातात.

या मॅन्युअलमध्येही अर्थ येऊन बसतोच. गेल्या वर्षी एक जुनी हॅचबॅक आली, क्लच केबल सहा महिन्यांत तिसरी. प्रत्येक वेळी केबल जड होऊन जाम. काढून बघितली तर बाहेरून धड, आतलं प्लॅस्टिक वितळलेलं. इंजिनच्या उष्णतेने वितळावं अशी ती जागा नव्हती. या वेळी मी आधी मीटर लावला. सेल्फ मारताना इंजिन आणि बॉडीमध्ये चार व्होल्टच्या वर. बॉक्स आणि बॉडी यांच्यामधली अर्थची पट्टीच नव्हती. आधी कुणीतरी क्लचच्या कामाला बॉक्स उतरवला होता आणि पट्टी परत लावलीच नव्हती. स्टार्टरचा शेकडो अँपियर करंट परतीची वाट शोधत क्लच केबलमधून जात होता. लोक मेकॅनिकला शिव्या देत केबली बदलत होते. पट्टी लावली, चौथी केबल अजून चालू आहे.

म्हणून माझ्या गॅरेजात आता एक सवय आहे. बॉक्स चढवून झाला, गाडी धुवायला निघाली आणि ट्रेमध्ये दहा नंबरच्या पान्याचा एक बोल्ट उरलेला दिसला, तर हेल्परने तो डब्यात टाकायचा नाही. तो घेऊन माझ्याकडे यायचं आणि आम्ही दोघांनी टॉर्च धरून बॅटरीच्या ट्रेखाली बघायचं.