मोठ्या हॉलसाठी स्पीकर: माझा अनुभव

घोडबंदर रोडला आमचा दोन फ्लॅट जोडून केलेला हॉल आहे, साधारण २४ बाय १५ फूट, त्यात छोट्या बुकशेल्फ स्पीकरवर (शेल्फवर मावणारे) तबल्याचं रेकॉर्डिंग लावलं की काठावरची चाट ऐकू यायची पण डग्ग्याची घुमक गायब, आणि आवाज वाढवला की सगळं कर्कश. बाबा म्हणाले मोठा अ‍ॅम्प (स्पीकरला पॉवर देणारा अ‍ॅम्प्लिफायर) घे. पण मी आधी सेन्सिटिव्हिटी बघितली, म्हणजे ठरावीक पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो ते, जुन्यांची ८५ डीबी (डेसिबल) होती, आणि दर ३ डीबीला दुप्पट वॉट लागतात, म्हणजे ९१ डीबीवाल्यांना तेवढ्याच आवाजाला पाव पॉवर पुरते. शिवाय सोफा ४ मीटरवर, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डीबी पडतात, घरात भिंतींमुळे जरा कमी. म्हणून जास्त सेन्सिटिव्हिटीचे, ८ इंची वूफरचे (बास वाजवणारा भाग) टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर घेतले, अ‍ॅम्प जुनाच ठेवला (४ ओहमचा, म्हणजे अ‍ॅम्पवर जास्त भार टाकणारा, स्पीकर त्याला झेपतो का ते मात्र बघाच).

टॉवर कोपऱ्यात ठेवल्यावर बास नुसता घों घों. भिंतीलगत तो फुगतोच. मग दोन फूट पुढे ओढले, सोफाही मागच्या भिंतीपासून सोडवला, टाइल्सवर जाड गालिचा टाकला. आता डग्ग्यावर तळवा घासतो ना, तेसुद्धा स्पष्ट येतं!! सबवूफर (फक्त खोल बासचा वेगळा स्पीकर) घेतला नाही, रात्री खालच्या मजल्यावर धमक जाते.